काम कोणी आणलं?

जो रस्ता तुडवत मी दहावीपर्यंत शाळेत गेलो, तो रस्ता मी पाहिलाय असा दाखला मिळवायला मला चार चकरा माराव्या लागल्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, सिव्हिलची पदवी घेतलेला. नोकरी काही लागेना, तेव्हा बांधकाम खात्यात सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली. छोट्या कामांचं वाटप ३३-३३-३४ टक्के असं असतं: एक वाटा आमच्यासारख्यांना, एक मजूर सहकारी संस्थांना, उरलेला खुल्या कंत्राटदारांना. सोडतीत दोन नाल्या आणि अंगणवाडीची भिंत लागली. हात बसला. २०२२ मध्ये गावाच्या रस्त्याची बी-१ निविदा निघाली, म्हणजे अंदाजपत्रकाच्या किती टक्के वर किंवा खाली काम करणार ते सांगायची, सव्वा कोटीच्या आतली. बाबांनी सोयाबीनचे पैसे बयाणा भरायला काढून दिले.

ऑनलाइन भरणं अवघड नाही. डिजिटल सहीचं डोंगल असलं की झालं. अडचण होती अटींची. पहिली अट, जागा पाहिल्याचं प्रमाणपत्र, उपविभागीय अभियंत्याच्या सहीचं. साहेब कधी दौऱ्यावर, कधी मीटिंगला, कधी रजेवर. चौथ्या खेपेला शिपायालाच माझी दया आली. म्हणाला, "कायले चकरा मारतं भाऊ? ते काम तं आणलेलं हाय."

"आणलेलं" या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. गावातल्या मूलभूत सुविधांची २५१५ या लेखाशीर्षाची (सरकारी खर्चाच्या खात्याची) कामं असोत की रस्त्यांची, लोकप्रतिनिधीचं शिफारसपत्र लागतं. पण ते पत्र घेऊन मुंबईला कोण जातं, मंत्रालयात या टेबलावरून त्या टेबलावर फाइल कोण हलवतं? बहुतेक वेळा कंत्राटदारच. कार्यकर्ता तोच, सभेला गाड्या पुरवणारा तोच. त्यामुळे निविदा निघण्याआधीच काम त्याचं झालेलं असतं. त्यात चोरी आहे असं त्याला वाटतही नाही. "मी खर्च करून आणलं, तू कुठून आला मधात?" हा त्याचा सवाल अगदी मनापासूनचा असतो.

शेवटच्या दिवशी, दुपारी चारला, सही मिळाली. मी ईमेलवर तारखेसकट फोटो पाठवून ठेवले होते म्हणून असेल. पण खरा खुट्टा दुसऱ्या अटीचा होता. ठरावीक अंतरात हॉटमिक्स प्लांट, म्हणजे खडी-डांबर गरम करून मिसळणारा कारखाना, हवा, स्वतःचा नाहीतर मालकाच्या संमतिपत्राचा. त्या अंतरात प्लांट एकच, आणि त्याचा मालकही याच निविदेत. मी शेजारच्या जिल्ह्यातल्या प्लांटचं पत्र जोडलं. अंतर जास्त भरलं आणि तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दराआधी अटी तपासतात तिथंच, मी बाद. माझा अकरा टक्के बिलोचा, म्हणजे अंदाजपत्रकाच्या खालचा, दर कोणी उघडलाच नाही. उरले तिघं. सर्वात कमी दर प्लांटवाल्याचाच, ०.९ टक्के बिलो.

राग आला. दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज केला, विषय एक आणि शब्द दीडशेच्या आत, कारण महाराष्ट्राचा नियमच तसा आहे. तीस दिवस शुकशुकाट. मग वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. मुदत टळली की कागद फुकट द्यावे लागतात, तेवढाच खात्याचा माझ्यावर उपकार. कागद हाती आले तर तिघांच्या प्रतिज्ञापत्रांचे शंभराचे स्टॅम्प पेपर एकाच विक्रेत्याकडचे, आणि नंबर ओळीनं! मी ते लाल पेनानं गोल करून वर तक्रार केली. दोन महिन्यांनी उत्तर आलं: "प्रक्रिया नियमानुसार." तोवर खडी पडली होती.

आणि मग त्याच प्लांटवाल्याचा फोन आला. "पोरगा कामाचा दिसतं तू. मोऱ्या करतं का?" पेटी कंत्राट, म्हणजे त्याच्या कंत्राटातलं काम त्याच्या हाताखाली करायचं, अंदाजपत्रकाच्या बावीस टक्के खाली. मी हो म्हटलं. बाबांचे पैसे बिनव्याजी होते, पण बियाणं त्यांना उधारीवर आणावं लागलं होतं. सरकारकडून तो जवळपास पूर्ण दर घेणार आणि मला बावीस टक्के कापून देणार. मधले पैसे कुठं जात असतील, हे मी विचारलं नाही.

मार्च २०२४ मध्ये माझं शेवटचं बिल अडकलं होतं. टपरीवर पेपर वाचत होतो. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी द्यायची सोय, रद्द केले होते, आणि आता खरेदीदारांची यादी आली होती. दोन नंबरला मोठमोठे सरकारी प्रकल्प बांधणारी कंपनी, ९६६ कोटी. रोलरवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आपल्याकडं तं वर्गणीची पावतीबी भेटत नाही."

रस्त्यावर फलक आहे, त्यावर प्लांटवाल्याचं नाव. डांबर त्याचं, मोऱ्या माझ्या. पण गावानं तिथं उन्हात उभं पाहिलं ते मला. गेल्या पावसाळ्यात चुलतभावाचा फोन आला, "काय बे, तुह्या रस्त्याले खड्डे पडले ना!"