पूर आणि पीअरसिम

पीअर-टू-पीअर, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरशिवाय संगणक एकमेकांशी थेट जोडलेल्या नेटवर्कवर प्रबंध करू पाहणारे कोल्हापुरातील एम.टेक.चे विद्यार्थी अशा नेटवर्कची नक्कल करणारा सिम्युलेटर कोणता घ्यावा, असे विचारतात, तेव्हा मी बहुधा पीअरसिम सुचवतो. जावामध्ये लिहिलेल्या या साधनाची चक्राधारित पद्धत, म्हणजे प्रत्येक फेरीत सगळ्या नोडांना (नेटवर्कमधील संगणकांना) एकेक पाळी देणारी पद्धत, संदेशाला लागणारा विलंब हिशेबातच घेत नाही आणि म्हणूनच दहा लाख नोडही पेलते. प्रत्येक संदेश वेळेनुसार हाताळणाऱ्या घटनाधारित पद्धतीत विलंब धरता येतो, पण नोडांची संख्या बरीच आवरती घ्यावी लागते. नेटवर्कच्या खालच्या थरांचा, म्हणजे प्रत्यक्ष जोडण्यांचा तपशील हवा असेल, तर ओमनेट या सर्वसाधारण सिम्युलेटरवर उभारलेले ओव्हरसिम पाहावे.

साधनाच्या निवडीपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो नोड नेटवर्क सोडून कसे जातात हा प्रश्न, आणि विद्यार्थी नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. पीअरसिममधील तयार डायनॅमिकनेटवर्क हा क्लास (कोडचा एक भाग) यादृच्छिक नोड निवडून काढून टाकतो. म्हणजे एकाच्या जाण्याचा दुसऱ्याच्या जाण्याशी काहीही संबंध नाही, असे त्यात गृहीत असते. नोंदी नोडांमध्ये वाटून ठेवणाऱ्या कॅडेम्लिया या पद्धतीच्या २००२ मधील मूळ लेखातही प्रत्येक नोंद वीस नोडांवर ठेवण्यामागे असाच विचार आहे, की कोणतेही वीस नोड तासाभरात एकदम बंद पडणे जवळजवळ अशक्य आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली आणि वीज उपकेंद्रे पाण्यात गेली, तेव्हा असे किती वीस नोड एका रात्रीत गेले असते, याची कल्पना येथील माणसाला सांगावी लागत नाही.

कॅडेम्लियात नोडांचे ओळखक्रमांक यादृच्छिक असल्यामुळे एका नोंदीच्या प्रती दूरदूरच्या नोडांवर जातात आणि देशभर पसरलेल्या नेटवर्कला शिरोळ तालुका बुडाल्याचा फटका फारसा बसणार नाही, हे मान्य. पण जिल्ह्यापुरत्या नेटवर्कचे काय? त्यासाठी प्रत्येक नोडला तालुका जोडावा आणि पीअरसिमचा कंट्रोल इंटरफेस वापरून शिरोळ, करवीर असे गटच्या गट काढणारा स्वतःचा क्लास लिहावा. काम फार मोठे नाही. शिवाय यादृच्छिक निवडीचे बीज (तिची सुरुवात ठरवणारा आकडा) कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहून ठेवावे, म्हणजे तोच प्रयोग दुसऱ्यालाही तसाच चालवता येतो.

चक्राधारित पद्धतीने किती नोंदी कायमच्या गेल्या, एवढे मोजता येते. पूर ओसरून वीज आल्यावर सगळे नोड एकदम परततात आणि प्रवेशासाठी एकाच वेळी विचारणा करतात, तो भार मात्र तिच्यात दिसत नाही. त्यासाठी नोड कमी करून का होईना, घटनाधारित पद्धतच घ्यावी लागते.