तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलं खत मारता?

चतुर्थीला गावी आलेले पाहुणे मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहतात आणि हमखास विचारतात, "एवढ्याशा शेतात असं भात? कुठलं खत मारता?"

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं आमचं सरद (पावसाळी भाताचं) शेत दीड हजार चौरस मीटरचं. बियाणं पूर्वीचंच, ज्योती वाणाचं. खत पूर्वीपेक्षा कमीच लागतं. बदललं ते खत टाकायची जागा आणि रोपांमधलं अंतर.

पूर्वी आम्ही युरिया फेकायचो. साचलेल्या पाण्यात फेकलेल्या युरियातलं निम्म्याहून जास्त नत्र पिकाच्या वाट्याला येतच नाही. काही अमोनिया होऊन हवेत जातं, काही पाण्याबरोबर वाहून जातं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आमच्याकडे. फेकलेलं खत शेतात राहणार तरी कसं?

मग कोकणातली चारसूत्री पद्धत धरली. दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटरवर आळीपाळीने खुणा करायच्या, खुणेवर दोन-तीन रोपं लावायची, ओळींमध्येही तेच अंतर. एका खुणेवरच्या रोपांचा झुपका म्हणजे चूड. असे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात. लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, 2.7 ग्रॅमची, बोट पुरतं चिखलात जाईल इतकी खोल दाबायची आणि वरून चिखल सारून भोक बुजवायचं. चारही चुडांची मुळं तिथवर पोचतात आणि खत सावकाश उचलतात. आमच्या शेताला साधारण 9,400 गोळ्या लागतात, वजनाने 25 किलो. बस्स, पुन्हा युरिया नाही.

उरलेली दोन सूत्रं आमच्या आजीला कुणी शिकवायला नको होती. तरव्यात, म्हणजे रोपं वाढवतो त्या वाफ्यात, भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. तिच्यातल्या सिलिकाने रोप ताठ होतं, खोडकिड्याला तोंड देतं. आणि मेरेवरच्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) फांद्या चिखलणीच्या आठवडाभर आधी शेतात पसरायच्या. पाला आपोआप गळतो, काठ्या चुलीला येतात.

पहिल्या वर्षी आई लावणी बघून गप्प झाली. एवढी मोकळी जागा तिला पडीक वाटली. महिन्याभराने ती स्वतः चिखलात उतरून एकेका चुडाचे फुटवे मोजत होती.

एक नुकसान मात्र सोसलं. गोळ्यांचं पोतं उघडून पडवीत ठेवलं आणि दोन दिवसांत त्याचा लगदा झाला. पोतं लावणीच्या सकाळीच फोडा. गोळ्या प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, तेव्हा एप्रिल-मेमध्येच सांगून ठेवा.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, शेत असेल तर हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. तिथं आधी खारं पाणी रोखायचं असतं. बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) शाबूत हवेत, आणि बियाणं कोरगुटासारखं खार सोसणारं. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खार सोसणारी 'गोवा धान' वाणंही काढली आहेत, त्यांची चौकशी करा.

दोरीने लावणी करायला वेळ लागतो, हे खरं. मजुरी परवडत नाही म्हणून आम्ही चार घरं एकमेकांकडे जातो, एका दिवशी एकाचं शेत. गोळ्या दाबायचं काम मुलांना दिलंय. वाकायला त्यांना त्रास नाही, आणि चौकोन चुकला की तीच ओरडतात. यंदा पहिला दिवस आमचा आहे. पाऊस धरला की जुलैच्या पहिल्या आठवड्यात या, दोरीचं एक टोक तुमच्या हातात देते.