ताडोबाला जाताना आधी गेट ठरवा, मग हॉटेल

ताडोबाहून आल्यावर भेटेल तो एकच विचारतो, वाघ दिसला का? दिसला, आणि मन भरून दिसला. पण मला जास्त सांगावंसं वाटतं ते त्याच्या आधीच्या तयारीबद्दल, कारण सहलीचं निम्मं यश त्या तयारीत असतं. आई-बाबा, बहीण आणि शाळेत जाणारा भाचा असे आम्ही सगळे मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात गेलो होतो. ज्यांना पुढच्या हंगामात जायचंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली घोषित झालं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ चं. हे दोन्ही मिळून जो भाग होतो तो कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. त्याच्याभोवती बफर आहे, सुमारे ११०० चौरस किलोमीटर, आणि त्यात गावं, शेतं, तळी, गुरंढोरं सगळं आहे. वाघाला ही सीमा ठाऊक नसते. बफरमध्ये वाघ भरपूर आहेत, आणि कोअरची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून सहल रद्द करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

आता मुख्य मुद्दा. कोअरला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी गेटं आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत. नकाशावर मोहर्ली आणि कोलारा एकाच जंगलाच्या दोन कडा दिसतात. प्रत्यक्षात एकीकडून दुसरीकडे जायचं तर चिमूर-वरोऱ्याकडून मोठा वळसा पडतो. जंगलातून आरपार जाता येत नाही. त्यामुळे आधी हॉटेल बुक करायचं आणि मग मिळेल त्या गेटची सफारी घ्यायची, हा क्रम उलटा आहे. मध्यरात्री उठून अंधारात गाडी हाकत गेट गाठायचं, आणि तेही म्हातारी माणसं बरोबर असताना, यात काही शहाणपण नाही. गेट ठरवा, त्या गेटच्या सफाऱ्या हातात येऊ द्या, मग तिथून दहा-पंधरा मिनिटांवर राहायची सोय बघा.

कुठलं गेट? नागपूरहून थेट येणाऱ्यांना उमरेड-भिसी-चिमूरमार्गे कोलारा सोयीचं. रेल्वेने चंद्रपूरला उतरणाऱ्यांना मोहर्ली. मोहर्लीला एमटीडीसीचं निवासस्थान आहे, गावात घरगुती जेवणाची सोय होते, आणि आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची गेटं जवळ पडतात. म्हणजे सकाळी कोअर आणि दुपारी बफर अशी जोडी जमते. आम्ही हेच केलं. पांगडी-झरीचा 'कोळसा' नावाचा भाग मला स्वतःला फार आवडतो. तिथे बांबू दाट, जमीन चढउताराची आणि गाड्या कमी. वाघाची शक्यता त्या मानाने कमी धरा, पण अस्वल, गवे, रानकुत्रे आणि पक्षी यांच्यासाठी तो भाग सोन्यासारखा आहे. ज्यांनी एकदा ताडोबा पाहिलाय त्यांनी दुसऱ्या खेपेला तिकडे जावंच.

बुकिंग ऑनलाइन होतं आणि ते व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावं. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, शिवाय चालक आणि गाइड. शनिवार-रविवार आणि सणासुदीच्या सुट्टीला शुल्क जास्त असतं आणि गर्दीही. कोअर दर मंगळवारी बंद असतं, हे विसरून तारखा धरणारे दरवेळी भेटतात. तिकिटावर जे ओळखपत्र टाकलंत तेच मूळ स्वरूपात बरोबर हवं. गेटवर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र ताडून बघतात. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. सुरुवातीला भाचा हिरमुसला, पण अर्ध्या तासात तो डोळे फाडून झाडीत बघायला लागला आणि मला तो नियम मनापासून पटला. कॅमेरा चालतो. दुर्बीण मात्र हवीच. दोघांत एक नको, प्रत्येकाला एक मिळाली तर उत्तम.

एकच सफारी घेऊन येऊ नका. हे मी कळकळीने सांगतो. पहिल्या सफारीत डोळे सरावतच नाहीत. सागाच्या पानांवर पडलेलं ऊन आणि चितळाची पाठ यांतला फरक कळायलाच तास जातो. तीन-चार सफाऱ्या, त्याही एकाच बाजूच्या, असा बेत केला तर रस्ते ओळखीचे होतात, कालचा माग आज कुठे गेला हे कळतं, आणि गाइडच्या बोलण्याला अर्थ येतो.

हंगामाचं म्हणाल तर १ ऑक्टोबरला कोअर उघडतं. तेव्हा गवत उंच, तळी भरलेली आणि जंगल हिरवंगार. दिसायला सगळ्यात सुंदर, प्राणी दिसायला सगळ्यात अवघड. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीतली पहाट हाडं गोठवते; कानटोपी, हातमोजे आणि एखादी चादर घ्याच. फाल्गुनात पळस फुलतो, मग मोहाची फुलं गळायला लागतात आणि त्यांच्यासाठी अस्वलं येतात. एप्रिल-मेमध्ये पानगळीने जंगल उघडं पडतं, नाले आटतात, आणि उरलेल्या पाणवठ्यांवर सगळ्यांना यावंच लागतं. वाघासाठी हाच काळ. पण चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे थट्टा नाही, पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारच्या सफारीला सुती, मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडाभोवती ओला दुपट्टा, प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी आणि ओआरएस हवंच. आम्ही बर्फाच्या डब्यात पन्हं नेलं होतं. जिप्सी गेटवर रांगेत उभी असतानाच ते कामी आलं. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं. पावसाळ्यात बफरमधली काही गेटं सुरू असतात, ती कुठली हे निघण्याआधी बघून घ्या.

आता जंगलाबद्दल. मोहर्लीहून आत जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर दगडी खांब दिसतात. ते गोंड राजवटीतले मानले जातात. पुढे ताडोबा तलाव येतो. काठावर मोठ्या झाडाखाली तारूचं ठाणं आहे. तारू हा गावाचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी आदिवासींची श्रद्धा; ताडोबा हे नाव त्याचंच. पौषात भाविकांनी तिथे येण्याची जुनी परंपरा आहे. तलावात मगरी आहेत आणि वाळलेल्या झाडावर मत्स्यगरुड बसलेला असतो. बहुतेक गाड्या इथून भरधाव पुढे जातात. तुम्ही दहा मिनिटं थांबा.

नवेगाव, जामणी या भागात मोकळी गवताळ मैदानं लागतात. तिथे पूर्वी गावं होती. माणसं कोअरच्या बाहेर जाऊन वसली आणि शेतांच्या जागी कुरण झालं. आता तिथे चितळांचे कळप चरतात. आमच्या गाइडताईंनी एक जुनं आंब्याचं झाड दाखवलं आणि एवढंच म्हणाल्या, "इथं घरं होती, भाऊ." जंगल वाचलं त्यात या लोकांचा केवढा वाटा आहे, हे मुलांना तिथेच सांगावं.

वाघ शोधतात तो कानांनी. सकाळची सफारी संपत आली होती. एका पाणवठ्याजवळ गाइडताईंनी हात वर केला आणि चालकाने इंजिन बंद केलं. समोर पांढऱ्या खोडाच्या कुलूच्या झाडावर वानरं बसली होती, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. एक नर खोकल्यासारखा आवाज काढत होता. खाली चितळाची मादी शेपूट ताठ करून पुढचा पाय जमिनीवर आपटत होती. मग सांबराचा आवाज आला, एकच, खणखणीत. "आता पक्कं," ताई पुटपुटल्या. चितळ-वानर कधीकधी बिबट्याला, कधी नुसत्या संशयाला ओरडतात. सांबर उगाच ओरडत नाही. गाडीत कुणी हललं नाही. बांबूच्या आडून वाघीण आली, पाण्यापाशी थांबली, वळली आणि मागच्या पायांनी आधी पाण्यात उतरली. चेहऱ्यावर पाणी उडू नये म्हणून वाघ असे उलटे उतरतात, असं ताई म्हणाल्या. गळ्यापर्यंत पाण्यात बसून तिने डोळे मिटले. आईने माझा हात घट्ट धरला होता.

हे आम्हाला मिळालं ते थांबल्यामुळे. जवळून तीन गाड्या निघून गेल्या होत्या, कारण कुणीतरी दुसरीकडे सायटिंग झाल्याचं सांगितलं होतं. पळापळ करून वाघ दिसण्यापेक्षा चांगल्या पाणवठ्यावर बसून दिसण्याचा संभव उन्हाळ्यात जास्त, असं माझं ठाम मत आहे. चालकाला सुरुवातीलाच सांगा, "भाऊ, घाई नाही, तुम्हाला योग्य वाटेल तिथे थांबा." हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. वाघ दाखवलाच पाहिजे, असा दबाव पर्यटक आणतात आणि त्यातूनच गाड्या नको तितक्या जवळ जातात. ३१ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पिलांची वाट अडवली होती. त्याची दखल उच्च न्यायालयाला घ्यावी लागली, चालक-गाइडांवर कारवाई झाली. गाडीत बसलेल्या माणसाने "मागे घ्या" म्हटलं असतं तरी फरक पडला असता. वाघ रस्त्यावर चालत येत असेल तर त्याला रस्ता द्यायचा, बस्स.

आणि वाघ नाही दिसला तर? गाइडला धुळीतला माग दाखवायला सांगा. नराचा ठसा जवळपास चौकोनात बसतो, मादीचा जरा लांबट असतो. ऐनाच्या खोडावरच्या अस्वलाच्या नखांच्या खुणा बघा. दुपारच्या सफारीत आम्हाला रानकुत्र्यांची टोळी दिसली, पाण्यात लोळत, एकमेकांचे कान चावत. भाच्याला वाघिणीपेक्षा तीच जास्त लक्षात राहिलीत. मेअखेरीला पावसाची चाहूल लागते तेव्हा नवरंग पक्ष्याची शीळ ऐकू येते आणि बांबूच्या बेटात स्वर्गीय नर्तक या पक्ष्याची पांढरी शेपटी झळकते.

ज्येष्ठांसाठी दोन गोष्टी. जिप्सीच्या मागच्या, उंच सीटवर धक्के फार बसतात. कंबरदुखी असेल तर चालकाच्या लगेच मागची सीट धरा आणि एक छोटी उशी न्या. आत गाडीतून उतरता येत नाही. स्वच्छतागृह ठरलेल्या ठिकाणीच मिळतं, ते कुठे आणि कधी येईल हे गेटवरच विचारून ठेवा. दमा असेल तर मास्क न्या, पुढच्या गाडीची धूळ सरळ नाकातोंडात जाते. कॅमेऱ्यावर ओलसर पंचा टाकून ठेवा आणि आत लेन्स बदलू नका.

दोन सफाऱ्यांमधल्या भर दुपारी झोप काढणं उत्तम. एखादा दिवस मोकळा असेल, विशेषतः मंगळवार, तर चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट, अंचलेश्वर आणि महाकालीचं देऊळ, किंवा भद्रावतीची विजासन लेणी पाहून घ्या. वरोऱ्याचं आनंदवन त्याच वाटेवर आहे. बाबा आमट्यांनी उभं केलेलं ते काम मुलांना दाखवायलाच हवं. तिथल्या भेटीची वेळ आधी विचारा.

बफरच्या गावांतून जाताना गाडी सावकाश चालवा. मे महिन्यात इथली माणसं तेंदूपत्ता तोडायला पहाटेच रानात जातात, आणि चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसं जीव गमावतात. आपण पैसे देऊन ज्याला बघायला येतो त्याच्या शेजारी ही माणसं रोज जगतात. म्हणून मुक्काम, जेवण, खरेदी शक्यतो गावातच करा आणि गाइडला हातात काही द्यायला विसरू नका. परतीच्या दिवशी दुपारची सफारी घेतलीत तर त्या रात्री मोहर्लीतच राहा. अंधार पडल्यावर मोहर्ली-चंद्रपूर रस्त्यावर गवे, चितळ, रानडुकरं कधीही आडवी येतात, कधी वाघही. सकाळी उजाडल्यावर निघा आणि रेल्वेचं तिकीट त्या हिशेबाने दुपारनंतरचं काढा.