गवतावर चालू देणारं कॉलेज

केंब्रिजला जायचं म्हटल्यावर डोक्यात न्यूटन, रामानुजन अशी मोठमोठी मंडळी होती, पण तिथे पोचल्यावर अर्ध्या तासात लक्षात आलं की या गावात सगळ्यात जास्त जीव कशात असेल तर गवतात. कुठल्याही कॉलेजात शिरा, मधे हिरवागार चौकोन आणि कडेला पाटी, पाय ठेवू नये. विद्यार्थ्यांनीसुद्धा नाही हं, तो मान फक्त तिथल्या फेलो लोकांचा, म्हणजे कॉलेजच्या प्राध्यापक मंडळींचा. भाची तिकडे मास्टर्स करतेय, तिनेच फिरवलं, आणि "मावशी, कडेकडेने चल गं" हे दिवसभर चालू.

सेंट जॉन्स कॉलेजात मी जरा जास्तच रेंगाळले, कारण आपले रँग्लर परांजपे इथले. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा १८९९ साली इथे गणिताच्या परीक्षेत पहिला येतो, सीनियर रँग्लर होतो (एका इंग्रज मुलाबरोबर विभागून, पण ते आपण सांगत नाही) आणि मग पुण्यात परत येऊन फर्ग्युसन सांभाळतो. पुण्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट पाठ असते. मी भाचीला ऐकवायला लागले तर ती म्हणाली, त्याच्या नऊ वर्षं आधी काय झालं ते तुला माहितीये का? आणि मला न्यूनहॅमला घेऊन गेली.

न्यूनहॅम म्हणजे मुलींचं कॉलेज, १८७१ पासूनचं आणि आजही फक्त मुलींचंच. लाल विटांच्या इमारती, पांढऱ्या खिडक्या, मोठी बाग, आणि काय आश्चर्य, मुली चक्क गवतावर पुस्तकं घेऊन पसरलेल्या! कोणी ओरडत नाही. तर १८९० साली इथली फिलिपा फॉसेट गणिताच्या त्याच परीक्षेला बसली. निकाल सेनेट हाउसमधे मोठ्याने वाचायचे, आधी मुलांचा, मग मुलींचा, आणि मुलींना क्रमांक नसायचा, अमक्या आणि तमक्या मुलाच्या मधे एवढंच सांगायचे. फॉसेटबाईंचं नाव आलं आणि पुढे वाचलं गेलं, सीनियर रँग्लरच्या वर. म्हणजे पहिल्याच्याही वर! आणि डिग्री? नाही मिळाली. मुलींना द्यायचीच नाही असा नियम होता आणि तो थेट १९४८ पर्यंत टिकला.

मधे प्रयत्न झाले, १८९७ ला मतदान झालं तेव्हा विरोध करणाऱ्या पोरांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर लटकवला होता. १९२१ ला मुलींना पुरती डिग्री नाही, नुसती नावापुरती पदवी द्यायची असं ठरलं तर त्या आनंदात पोरांचा जमाव हातगाडी घेऊन आला आणि याच कॉलेजचं ब्राँझचं गेट धडका मारून मोडलं. ते गेट दुरुस्त करून तिथेच आहे, मी हात लावून पाहिला, नाजूक नक्षी आहे हो, कोणाला धडक मारायचं सुचलं असेल!

आणि आपल्या रँग्लरांची लेक शकुंतलाबाई, म्हणजे सई परांजप्यांच्या आई, याच न्यूनहॅममधे गणित शिकल्या. १९२० च्या दशकात. म्हणजे बापाला जे विद्यापीठ डोक्यावर घेतं ते त्याच्या मुलीला पुरती डिग्री द्यायला तयार नाही. हे मात्र मला पुण्यात कोणी सांगितलं नव्हतं.

मला त्या सगळ्या मुलींचं राहून राहून नवल वाटत होतं. सत्तरेक वर्षं त्या येत राहिल्या, रात्र रात्र जागून अभ्यास केला, पेपर दिले, आणि शेवटी हातात कागद येणार नाही हे आधीपासून माहीत. आपल्याकडे आधी कागदाचं बघतात. शेवटचा पेपर झाला की पुस्तकं अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीत, आणि सर्टिफिकेट फाइलीत, झेरॉक्स आणि अटेस्टेडपुरतं बाहेर. माझंही तसंच आहे, त्यात काय विषय होते ते आठवायला आता जोर लावावा लागतो.

बुधवारी संध्याकाळी भाची म्हणाली, इथल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत हिवाळ्यात दर बुधवारी लोकांसाठी लेक्चर असतं, फुकट, कोणीही जावं, नंतर दुर्बिणीतून आकाश दाखवतात. गेलो. शेजारी एक आजोबा वही घेऊन बसलेले, पुढे शाळेतली पोरं. निम्मं डोक्यावरून गेलं तरी मी सामानाच्या बिलामागे टिपणं काढली. आकाश ढगाळ होतं त्यामुळे दुर्बीण बोंबलली, पण प्रश्नोत्तरं इतकी रंगली की शेवटची बस चुकली आणि आम्ही थंडीत चालत घरी आलो, भाची मला कृष्णविवरं समजावतेय आणि मी मधे मधे "थांब, परत सांग" म्हणतेय.