बोरीचे दोन काटे

बोरीच्या फांदीवर काटे बहुधा जोडीने येतात: एक सरळ, दुसरा मागे वाकलेला. सरळ काटा टोचतो आणि वाकडा बाही धरून ठेवतो. ओढाताण केली की शर्ट गेलाच. आल्या वाटेने हात मागे घ्यायचा, एवढाच उपाय.

पान उलटून पाहा. वरून चकचकीत हिरवं, खाली पांढुरकी लव आणि देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा. झाड ओळखायला मला हीच खूण भरवशाची वाटते, कारण हिरवट-पिवळी फुलं इतकी बारीक, की माश्या घोंगावल्या नाहीत तर दिसतही नाहीत. मुळं खोल जातात. कडक उन्हाळ्यात झाड पानं गाळून मोकळं होतं. तोडलं तरी बुंध्याला धुमारे फुटतात.

सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य, म्हणून जुलाबावर तिचा काढा देत आले आहेत. पण खरी गंमत चिनी बोरीची. तिच्या पानात झिझिफिन नावाचं द्रव्य असतं. पान चावून साखर खाल्ली तर थोडा वेळ गोडच लागत नाही!

शबरीची उष्टी बोरं वाल्मीकी रामायणात नाहीत. तिथे ती रामासाठी रानातलं खाणं जमवून ठेवते, एवढंच. बोरं नंतरच्या कथाकारांनी आणली आणि झकास केलं. चाखल्याशिवाय बोर आंबट की गोड, कळणार कसं? आत अळी निघते, हे मात्र कुणीच सांगत नाही.