तुम्ही विचारलंत म्हणून: इन्स्टंट ओट्समध्ये पोषण असतं का?

आहाराचा सल्ला देणं हेच माझं काम, त्यामुळे कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात घेऊन आलेली माणसं बसल्या बसल्या विचारतात, मॅडम, ते तीन मिनिटांत होणारे ओट्स खाऊ का, की त्यात काहीच नसतं, नुसती जाहिरात?

असतं, चांगलं असतं. पण मी आधी विचारते, कुठले ओट्स? साधे इन्स्टंट ओट्स, म्हणजे ज्यांच्या पाकिटामागे घटक म्हणून फक्त ओट्स लिहिलेलं असतं, ते वाफवून, पातळ लाटून, बारीक तुकडे केलेले असतात एवढंच. कोंडा त्यातच राहतो. 40 ग्रॅममध्ये साधारण 150 कॅलरी, 5 ग्रॅम प्रोटीन, 4 ग्रॅम फायबर, जाड ओट्समध्ये असतं जवळपास तेवढंच. फरक पडतो तो वेगात, पातळ तुकडा पटकन पचतो आणि साखर पटकन चढते, भरड स्टील कट ओट्सचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचा आकडा, 55च्या आसपास तर इन्स्टंटचा 80च्या आसपास. म्हणून डायबिटीस असेल तर शक्यतो जाडे घ्या, आणि इन्स्टंटच खायचे असतील तर नुसते खाऊ नका, बरोबर दही, शेंगदाण्याचं कूट किंवा उकडलेलं अंडं असू द्या.

आता कोलेस्टेरॉलचं. ओट्सवर गरम पाणी ओतलं की दोन मिनिटांत चमच्याला जो चिकट बुळबुळीतपणा लागतो ना, तो बीटा-ग्लुकन नावाच्या फायबरचा, आणि खरं काम तोच करतो. तो आतड्यात पित्ताला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल खेचावं लागतं, म्हणून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं. आणि नेमका हाच चिकटपणा आपल्याकडे कुणाला आवडत नाही! उपमा मोकळा व्हावा म्हणून ओट्स भिजवून, चाळणीत निथळून ते पांढरट पाणी सिंकमध्ये ओतणारे कितीतरी जण भेटतात, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या पाण्याबरोबर थोडं बीटा-ग्लुकनही जातं. मोकळा हवा असेल तर ओट्स कोरडेच खमंग भाजून घ्या, पाणी बेताचं घाला, धुवायची काही गरज नाही.

दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर उपयोग होतो, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, 1997 साली पाकिटावर तसा दावा छापायला परवानगी दिली ती याच आकड्यावर. पण 3 ग्रॅमसाठी 60 ते 75 ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, रोज. एका छोट्या पाऊचने ते होत नाही, आणि एलडीएल उतरतं तेही साधारण 5 ते 7 टक्के, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

मसाला ओट्सचं पाऊच मात्र वेगळं प्रकरण. त्याच्या मागे ओट्स किती टक्के ते बघा, सगळं पाऊच काही ओट्सचं नसतं. मग सोडियम बघा, आकडा बहुतेक वेळा 100 ग्रॅमचा असतो आणि पाऊच 40च्या आसपासचं, तेव्हा त्याला 0.4 ने गुणा. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने दिवसभरात सोडियम 2000 मिलिग्रॅमच्या आत हवं, आणि आपलं लोणचं, पापड, चटणी तर पुढे असतंच, म्हणून बीपीवाल्यांना मी ते पाऊच रोज खाऊ देत नाही. अमेरिकेतून मुलं गोड फ्लेवरची पाकिटं पाठवतात त्यातल्या काहींमध्ये 43 ग्रॅममागे 12 ग्रॅम साखर असते, म्हणजे तीन चमचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओट्ससाठी ज्वारी सोडू नका हो. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रोटीन आणि 10 ग्रॅम फायबर असतं, ओट्समध्ये फायबर तेवढंच, प्रोटीन थोडं जास्त. बीटा-ग्लुकन ओट्सचं खास, ते ज्वारीत तितकं मिळत नाही, हे खरं, पण म्हणून रात्रीची भाकरी बंद करून पाऊच फोडायचं काही कारण नाही. सकाळी पांढरा ब्रेड किंवा चहा-बिस्किटं खात असाल तर त्या जागी साधे ओट्स आणा, भाकरीच्या जागी नको.