तुपातला खड्डा

पन्ह्याची बाटली फ्रीझरमध्ये टाकून मी जरा आडवा झालो. इंदूरचा मे महिना, दुपारचे बारा. "अर्ध्या तासात काढतो" म्हणालो आणि बाटलीची आठवण झाली ती संध्याकाळी सहाला. काचेची बाटली, तीही गळ्यापर्यंत भरलेली. फ्रीझर उघडला तर मटाराच्या पिशवीवर काचा, त्यात पिवळट बर्फ, आणि बाटलीचं बूड तेवढं जागच्या जागी इमानदारीत उभं. "चार बोटं जागा ठेवायची असते," बायको म्हणाली, "शाळेत शिकवलं नाही का तुला?"

शिकवलं होतं. लिटरभर पाणी गोठलं की त्याला जवळजवळ नव्वद मिलीलिटर जास्त जागा लागते. पण काचा वेचताना शाळेऐवजी आठवली ती आजीची तुपाची बरणी.

रामबागेतला वाडा, डिसेंबरची सकाळ. आदल्या रात्री कढवून ओतलेलं तूप सकाळी पांढरंशुभ्र थिजलेलं असायचं आणि बरोब्बर मधोमध खड्डा. कडेचं तूप आधी धरतं, मधलं सर्वांत शेवटी, आणि आकसतं तेव्हा तिथेच खाली बसतं. हे आत्ता सांगतोय. तेव्हा आजी झाकण उचलायची, आत बघायची, मग माझ्याकडे बघायची.

"बोट घातलंस?"

"नाही गं."

"मग काय उंदरानं घातलं?"

ओट्यावर उन्हात ठेवलेल्या खोबरेल तेलाच्या बाटलीतही तस्साच खड्डा असे. पण तेल चोरून कोण खाणार? त्यामुळे तिथे मला कोणी विचारत नसे, आणि हा पुरावा माझ्या बाजूचा आहे हे मला सुचत नसे.

तूप थिजतं, तेल थिजतं, मेण थिजतं. सगळी अंग चोरून बसतात. पाणी मात्र गोठतं आणि फुगून बसतं. बर्फाच्या ट्रेमध्ये बघा, प्रत्येक खणात टेंगूळ. बिस्मथ, गॅलियम, सिलिकॉन अशी आणखी थोडी मंडळी या वळणाची आहेत, पण ती काही आपल्या स्वयंपाकघरात येत नाहीत.

पाण्याचं काय होतं ते मी असं समजून घेतलंय. पातळ पाणी म्हणजे रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यासमोर जमलेली गर्दी. खांद्याला खांदा, कोणी कोणाच्या पायावर, कोणाचा हात कोणाच्या हातात क्षणभरही टिकत नाही. बर्फ म्हणजे भोंडला. हात धरून फेर धरायचा म्हटलं की अंतर राखावं लागतं आणि मधे हत्तीपुरती जागा रिकामी सोडावी लागते. पाण्याचा एकेक रेणू चार शेजाऱ्यांना धरतो, सहा-सहांची कडी होते, मधे पोकळी. तितक्याच बायका, अंगण मात्र पुरत नाही.

गंमत म्हणजे चार अंशांपर्यंत पाणीही शहाण्यासारखं आकसत येतं. तिथून खाली त्याचं डोकं फिरतं. म्हणूनच थंड मुलखातल्या तळ्यांत बर्फ वर तरंगतो आणि चार अंशांचं जड पाणी तळाशी राहतं. मासे खाली हिवाळा काढतात. आमच्या सिरपूर तलावातल्या माशांना या सोयीचा काडीचा उपयोग नाही, ती गोष्ट वेगळी.

कॉलेजात हे सगळं कळल्यावर मी तडक आजीकडे गेलो. एवढ्या वर्षांचा आळ धुवायचा होता. कडा, मधला भाग, आकसणं, सगळं बरणी पुढे घेऊन समजावलं. ती सुपारी कातरत शांतपणे ऐकत होती.

"असेल हो," ती म्हणाली. "पण थिजताना तुपावर नखांचे ओरखडे पण उठतात का रे?"

मटाराची पिशवी टाकून द्यावी लागली. पन्हं उद्या परत करू.